ओटीपी चाकणला जातो

परंडा तालुक्यातल्या सोनारीत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. काळभैरवनाथाच्या दर्शनाला लांबून लांबून माणसं येतात, त्यांचं माझ्या दुकानाशी काही काम नसतं. माझ्याकडे येतात ती गावातली आणि आसपासच्या वस्त्यांवरची. कुणाला सातबारा हवा असतो, कुणाचा पीक विमा भरायचा राहिलेला असतो, कुणाच्या पोरीचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आलेला असतो. काम कुठलंही असो, थोड्या वेळाने मला विचारावंच लागतं, ‘ओटीपी आला का बघा.’ आणि समोरून फार वेळा उत्तर येतं, ‘त्यो फोन हितं न्हाई, ताई.’

कधी तो फोन फुटलेला असतो, कधी मोटर चालू करायला गेलेल्या माणसाच्या वरच्या खिशातून विहिरीत पडलेला असतो, कधी यात्रेच्या गर्दीत गेलेला असतो. पण सगळ्यात जास्त वेळा तो फोन चाकणला असतो, थोरल्या मुलाच्या खिशात. आमच्या भागातली तरणी पोरं पुण्याकडे कंपन्यांमध्ये आहेत. बऱ्याच घरांत पहिला मोबाईल त्यांनीच आणला. सिम त्यांच्या नावावर, आणि आईबापाच्या आधारला, पासबुकाला तोच नंबर लावलेला. पुढे या नंबराशिवाय आपल्याला आपलं नावही सिद्ध करता येणार नाही, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार?

त्या पोरांच्या कंपनीत शॉपवर मोबाईल नेऊ देत नाहीत. गेटवर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. ओटीपी पाच-दहा मिनिटांत मरतो. त्यामुळे सोनारीतल्या आईचा अर्ज चाकणच्या जेवणाच्या सुट्टीत भरायचा असतो. कुणाचा मुलगा फर्स्ट शिफ्टला आहे, कुणाचा नाईटला, याची नोंद मी वहीच्या मागच्या पानावर ठेवते. आई स्टुलावर बसून राहते. सुट्टी झाली की मुलगा माझ्या नंबरवर फोन करतो, मी ‘पाठवा’चं बटण दाबते, तो तिकडून आकडे वाचतो, मी इकडे टाइप करते. एखाद्या दिवशी साईट गोल गोल फिरत राहते आणि त्याची सुट्टी संपते. मग आई पदर सावरत उठते आणि म्हणते, ‘उद्या येते गं.’ तिचा अर्ध्या दिवसाचा रोजगार बुडालेला असतो, त्याची नोंद कुठल्याच पोर्टलवर होत नाही.

आता या सगळ्या प्रकारात एक गोष्ट बघा. ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ हे वाक्य बँका, रिझर्व्ह बँक, पोलीस सगळे रात्रंदिवस सांगत असतात. बरोबरच सांगतात. पण माझ्या दुकानात दिवसभर काय चालतं? पोरगा फोनवर ओटीपी सांगतो, मी ऐकते, अर्ज पुढे सरकतो. ज्या बाईला गेली काही वर्षं सरकारी कामासाठी अनोळखी काउंटरवर ओटीपी सांगायची सवय लावली, तिला उद्या एखाद्या चोराने फोन करून ‘मावशी, तुमचं केवायसी राहिलंय, आलेला नंबर सांगा’ म्हटलं, तर ती का नाही सांगणार? तिच्या दृष्टीने दोन्ही आवाज सारखेच. सुरक्षेची ही पद्धत गावात आली तीच मोडूनच वापरावी लागेल अशा अवस्थेत आली, आणि मोडल्याचा दोष मात्र बाईच्या अडाणीपणावर टाकला जातो. मला याची खरी चीड आहे.

मी ओटीपीच्या विरोधात नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण दुकानात वाद निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘मग काय, पैसे उघडेच ठेवायचे?’ रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना दुसरी पडताळणी सक्तीची केली. कार्डावरचा नंबर चोरला तरी पैसे काढता येऊ नयेत, एवढा साधा आणि शहाणा विचार त्यामागे होता. माणूस ओळखायच्या तीनच खुणा: त्याला ठाऊक असलेलं काही, त्याच्याजवळ असलेलं काही, आणि तो स्वतः, म्हणजे त्याचा अंगठा, डोळा, चेहरा. यातल्या दोन जुळल्या की आत घ्यायचं. यात वावगं काहीच नाही. घोळ झाला तो ‘जवळ असलेलं काही’ म्हणजे फक्त मोबाईल, असं सगळ्यांनी धरून घेतल्यामुळे. मोबाईल ही हरवणारी, फुटणारी, भिजणारी, उसनी दिली जाणारी वस्तू आहे. आणि गावात तर ती घरातल्या पाण्याच्या घागरीसारखी सगळ्यांची असते, एकट्याची नसते.

सप्टेंबर २०२५ मध्ये हे सगळं एकदम अंगावर आलं. लाडकी बहीण योजनेच्या दीड हजार रुपयांसाठी त्या महिन्याच्या १८ तारखेला ई-केवायसी सक्तीचं झालं. पद्धत अशी की आधी बाईचा आधार क्रमांक, तिच्या नंबरवर ओटीपी. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, आणि त्यांच्या नंबरवर दुसरा ओटीपी. एका बाईच्या हक्कासाठी दोन माणसांचे दोन चालू फोन. नवरा ऊसतोडीला गेलेला असेल, दारू पिऊन पडलेला असेल, नांदवत नसेल, मेलेला असेल, याचा विचार पहिल्या दिवशी त्या पानावर कुठेच नव्हता. एका बाईला मी विचारलं, ‘नवऱ्याचा नंबर?’ ती म्हणाली, ‘त्येचा नंबर माझ्याकडं असता तर मी माहेरी कशाला ऱ्हायले असते?’ दुकानातले सगळे हसले, तीही हसली. अर्ज काही झाला नाही.

आणि मग चार-पाच दिवसांत पाऊस. सीनेला आणि तिला मिळणाऱ्या ओढ्या-नद्यांना आलेलं ते पाणी महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. लाखी, वडनेर ही परंडा तालुक्यातली नावं कधी नव्हे ती मुंबईच्या बातम्यांत आली, तालुक्यात हेलिकॉप्टर आणून माणसं काढावी लागली. जनावरं वाहून गेली, माती खरवडून गेली. त्यात फोनची काय कथा? पण पाणी ओसरल्यावर पहिली गरज लागली ती फोनचीच. पंचनामा, नुकसानीचं अनुदान, बँक, केवायसी, सगळ्याच्या दारात ओटीपी उभा. त्याच वर्षी १५ एप्रिलपासून शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला होता. ज्यांचा काढायचा राहिला होता, त्यांना त्यासाठीही आधारची पडताळणी आली, म्हणजे बहुतेकदा ओटीपीच.

नदीकाठच्या एका गावातली म्हातारी नातवाला घेऊन आली होती. पिशवीतून तिने लुगड्याच्या चिंधीत बांधलेला बटणाचा फोन काढला. मागचं झाकण उघडलं तर बॅटरी फुगलेली आणि तिच्याखाली मऊ, काळा गाळ. मी टाचणीने सिम काढलं. त्याचा पिवळा भाग हिरवट पडला होता. नातवाच्या दप्तरातलं खोडरबर घेऊन तो घासला, माझ्या जुन्या फोनमध्ये घालून पाहिलं. रेंज येईना. म्हटलं, आजी, दुसरं सिम काढून घ्या, नंबर तोच राहतो. त्यासाठी सिम ज्याच्या नावावर आहे त्याने आधार घेऊन यावं लागतं. ‘कुणाच्या नावावर आहे?’ तर दिराच्या. ‘मग त्यांना घेऊन या.’ नातू म्हणाला, ‘ते वारले.’

म्हणजे नंबर मेलेल्या माणसाचा, फोन पुरात मेलेला, आणि जिवंत बाई समोर बसलेली, जी ती स्वतःच आहे हे सिद्ध करू शकत नाही. त्यावर उपाय म्हणजे आधार केंद्रावर जाऊन नवा नंबर लावायचा. त्याला कागद लागत नाही, बोटांचे ठसे लागतात. जन्मभर खुरपं धरलेल्या, शेणाने घर सारवलेल्या हाताला ठसा कुठून असणार? यंत्र ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणतं. बोट पुसा, तेल लावा, दुसरं बोट लावा. डोळ्यांवरून होतं, पण मोतीबिंदूच्या डोळ्यांचं तेही रखडतं. त्या आजींचं पुढे अनामिकेने जमलं, हे मला नंतर कळलं. प्रत्येकीचं जमत नाही.

सरकारला हे कळलं नाही असं म्हणता येणार नाही. नोव्हेंबरमध्ये लाडकी बहीणच्या ई-केवायसीची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. ज्यांचे पती आणि वडील हयात नाहीत किंवा ज्या घटस्फोटित आहेत, त्यांनी फक्त स्वतःचं केवायसी करावं आणि मृत्यूचा दाखला किंवा न्यायालयाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, अशी सोय झाली. मला यातली अंगणवाडी सेविका महत्त्वाची वाटते. यंत्राला जे ओळखता आलं नाही ते ओळखायला शेवटी गावातलीच एक बाई लागली, जिला कोण कुणाची सून आणि कोण कधी विधवा झाली हे पाठ असतं. पण ही सोय पहिल्या दिवशी का नव्हती? नवऱ्याने टाकलेल्या, पण कोर्टाचा कागद नसलेल्या बाईचं काय? ती कुठल्याच रकान्यात बसत नाही, आणि अशा बाया आमच्याकडे घटस्फोटितांपेक्षा जास्त आहेत.

ही गुंतागुंत आली कुठून, तेही जरा सांगायला हवं. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. पुढे आमच्याकडेही शाळेत, चावडीत शिबिरं झाली. त्या अर्जावर मोबाईल नंबर ऐच्छिक होता. कुणी शेजाऱ्याचा दिला, कुणी जावयाचा, कुणी रकाना रिकामाच सोडला. नंतर त्या ऐच्छिक रकान्यावर अनुदान, पेन्शन, पीएम-किसान, पीक पाहणी असं एकेक ओझं चढत गेलं. दरम्यान रिचार्ज महागले. दोन सिम चालू ठेवणं परवडेना, एक बंद पडलं. नंबर ९० दिवस वापरात नसला की कंपनी तो बंद करू शकते, आणि काही काळाने तो दुसऱ्याला देऊ शकते. माझ्याकडच्या एका तात्यांच्या बँकेचा ओटीपी आज कुठल्या जिल्ह्यात कुणाच्या फोनवर वाजतो, कुणास ठाऊक. एक दिवस आम्ही त्या नंबरवर फोन लावला. पलीकडची बाई हिंदीतून म्हणाली की हे मेसेज बंद करा, मला त्रास होतो. तात्या म्हणाले, ‘तिला म्हणावं, शिल्लक किती हाय तेवढं सांग.’

आता माझी गोष्ट. सोनारीत आलेल्याला माकडांबद्दल सांगावं लागत नाही. देवळाच्या आवारात, झाडांवर, दुकानांच्या पत्र्यांवर त्यांचंच राज्य आहे आणि भाविक त्यांना हरभरे, केळी घालतात. काउंटरवर केळ्यांच्या फणीशेजारी ठेवलेला माझा फोन एका माकडाने उचलला, पत्र्यावर नेला, हुंगला, आणि हे खायचं नाही हे कळल्यावर रस्त्यावर टाकून दिला. तेवढ्यात उसाची ट्रॉली गेली. फोनही गेला आणि सिमही.

दुकानात संगणक होता म्हणून मी निश्चिंत होते. संगणकावर मेल उघडायला गेले. पासवर्ड बरोबर होता. तरी ‘तुमच्या फोनवर पाहा’ असं आलं. पण माझ्याकडे एक कागद होता. गूगलच्या खात्याला दुसरी पडताळणी लावली की ते आठ-आठ आकड्यांचे दहा कोड देतात. फोन नसेल तेव्हा त्यातला एक टाकायचा, तो एकदाच चालतो. ते पान मी छापून रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या फाइलीत ठेवलेलं होतं. पहिला कोड टाकला, मेल उघडलं, वापरलेल्या कोडावर पेनाने काट मारली. संपलं. कुणाला फोन नाही, हेलपाटा नाही.

बँकेचं तसं नव्हतं. परंड्याला जाऊन नवं सिम घेतलं. रेंज आली, फोन लागायला लागले, पण एकही मेसेज येईना. दुकानातला मुलगा म्हणाला, ‘मॅडम, बंद करून चालू करा.’ केलं. ‘रात्रीपर्यंत येईल.’ आला नाही. खरी गोष्ट अशी की सिम बदललं की पहिले २४ तास त्यावर मेसेज येऊ-जाऊ द्यायचे नाहीत, असा दूरसंचार विभागाचा २०२२ पासूनचा नियम आहे. तुमच्या नावाने परस्पर सिम काढून कुणी खातं रिकामं करू नये म्हणून. नियम चांगला आहे, मी तो बदला म्हणणार नाही. सिम बदलल्यावर सात दिवस दुसऱ्या कंपनीत नंबर नेता येत नाही हा १ जुलै २०२४ पासूनचा नियमही त्याच कारणासाठी. पण सिम विकणाऱ्याने हे सांगायला काय हरकत आहे? काउंटरवर एक पाटी लावली असती तर त्या दिवशी माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसांचा अर्धा संताप वाचला असता.

बँकेच्या शाखेत गेले. बँकेचं नाव लिहीत नाही, दुसऱ्या बँकांत वेगळं घडतं असा माझा समज नाही. त्यांनी विचारलं, ‘नंबर तोच आहे ना? मग ओटीपी येईल.’ म्हटलं, येत नाही म्हणून तर आले. ‘मग तक्रार टाका ॲपवर.’ ॲप उघडायला ओटीपी. पासबुक माझं, सही माझी, शाखेतल्या बाईशी माझी अनेक वर्षांची ओळख, ती मला नावाने हाक मारते. पण तिच्या संगणकात ‘मी हिला ओळखते’ असं बटण नाही. पैसे काढून दिले तिने, विड्रॉल स्लिपवर, जुन्या पद्धतीने. त्याबद्दल मी तिची आभारी आहे. जुनी पद्धत अजून मोडीत काढलेली नाही म्हणून माझा तो आठवडा निघाला.

इकडे माझ्या दुकानातला क्यूआरचा डबा मजेत बोलत होता. त्याच्यात त्याचं वेगळं सिम असतं. गिऱ्हाईक पैसे टाकी, डबा रुपये आल्याचं जाहीर करी, आणि ते पैसे मला बघता येत नव्हते की कागदवाल्याला देता येत नव्हते. मेसेज सुरू झाल्यावर यूपीआय नव्या फोनवर घेतलं, तर पहिल्या २४ तासांत पाच हजारांच्या वर जाऊ देईना. हीही चोरापासूनचीच काळजी. एकेक कुलूप पाहिलं तर शहाणपणाचं. सगळी एका दारावर लावली की घरमालक बाहेर.

यात्रेत फोन गेलेल्यांची कथा आणखी निराळी. चैत्रातल्या यात्रेनंतर माझ्याकडे दोन-तीन जण तरी येतातच. हरवलेला फोन बंद पाडायला केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये संचार साथी पोर्टल सुरू केलं. फोनचा आयएमईआय क्रमांक आणि पोलिसांतल्या तक्रारीची प्रत दिली की तो फोन देशात कुठल्याच सिमवर चालत नाही. सोय उत्तम आहे, असे फोन पोलिसांनी शोधून परतही केले आहेत. फक्त अर्जाच्या शेवटी ओटीपीसाठी मोबाईल नंबर मागतात. दुसऱ्याचा चालतो, पण हे लोकांना माहीत नसतं. हरवलेल्या फोनची तक्रार द्यायला फोन लागतो हे वाचून माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो. आणि आयएमईआय? तो खोक्यावर असतो. खोकं पोरांनी भोवरे ठेवायला नेलेलं असतं.

विषय माकडांचा निघालाच आहे तर एक सांगते. आमच्याच जिल्ह्यातल्या उपळा गावात ३२ एकर जमिनीची नोंद माकडांच्या नावावर आहे, ही बातमी ऑक्टोबर २०२२ मध्ये देशभर गाजली होती. मला तेव्हापासून एकच काळजी आहे, त्यांचा शेतकरी ओळख क्रमांक कुणी काढला? ओटीपी कुणाच्या फोनवर घेतला? माझ्या अनुभवाप्रमाणे फोन त्यांच्याकडे पोचतात, पण टिकत नाहीत.

असो. हे सुटणारं आहे, आणि त्यासाठी नवं काही शोधून काढायची गरज नाही. पीएम-किसानच्या केवायसीकडे बघा. तिथे ओटीपी चालतो. तो नसेल तर केंद्रावर अंगठा चालतो. अंगठा उठत नसेल तर जून २०२३ पासून फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून होतं, आणि ते दुसऱ्याच्या फोनवरूनही करता येतं. एक वाट बंद पडली की दुसरी उघडी. तिथेही नेट जातं, पण माझ्या दुकानातून पीएम-किसानच्या केवायसीसाठी रडत गेलेलं माणूस मला आठवत नाही. केंद्राच्या एका योजनेला हे जमतं, तर राज्याच्या योजनेला पहिल्या दिवसापासून का जमू नये?

दुसरी गोष्ट टपाल खात्याची. जुलै २०२१ मध्ये इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक आणि आधार प्राधिकरण यांनी जाहीर केलं की पोस्टमन आणि ग्रामीण डाकसेवक घरी येऊन आधारला मोबाईल नंबर लावून देतील. एक लाख सेहेचाळीस हजार पोस्टमन आणि डाकसेवकांचं जाळं त्यासाठी असल्याचं तेव्हाच सांगितलं होतं. ही माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात शहाणी योजना. पोस्टमन गावातला, ओळखीचा, आणि तो म्हातारीच्या उंबऱ्यापर्यंत जातो. पण मी दुकानात येणाऱ्यांना विचारते, तेव्हा अशी सोय आहे हे ऐकून ठाऊक असलेलं माणूस विरळा. पुराच्या वेळी तालुक्यात गावोगाव ही यंत्रं फिरवली असती, तर कितीतरी बायांचे परंड्याचे हेलपाटे वाचले असते. ज्या गावाने पुरात फोन गमावले तिथे धान्याच्या किटबरोबर नवा नंबर लावून देणारा माणूस पाठवणं हा आता मदतीचाच भाग मानायला हवा. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती आराखड्यात तेवढी एक ओळ वाढवा.

बँकांना माझं मागणं आहे ते कागदाचं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये पडताळणीचे नवे निर्देश काढले, त्यांची अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६. दोन खुणा हव्यातच, पण दुसरी खूण मेसेजवरचा ओटीपीच असली पाहिजे असं नाही, हे त्यात मोकळं केलं आहे. आता शहरातल्या बँका चेहरा, ठसा, नवं ॲप यांच्या मागे लागतील, आणि ते सगळं पुन्हा फोनमध्येच जाऊन बसेल. त्यापेक्षा खातं उघडताना पासबुकाबरोबर दहा कोडांचं एक पाकीट द्या. पूर्वी एटीएमचा पिन नाही का बंद पाकिटात यायचा? फोन गेला की त्यातला एक कोड आणि शाखेत समोर उभा असलेला माणूस, या दोन खुणा पुरेशा धरा. कागद हरवतो, चोरीला जातो, मान्य आहे. पण आमच्या घरांतून कागद जपले जातात. निजामाच्या काळातले उर्दू उतारे अजून ट्रंकेत आहेत. त्या ट्रंकेत दोन वर्षं टिकलेला एक मोबाईल दाखवा.

आणि शाखेत, तहसिलात, सेवा केंद्रात बसलेल्या माणसाला ओळख पटवायचा थोडा अधिकार परत द्या. त्याची सही घ्या, त्याला जबाबदार धरा, चुकला तर कारवाई करा. पण समोरच्या बाईला तो ओळखतो, हे त्याला नोंदवू द्या. यातून गैरप्रकार होतील असं म्हणणाऱ्यांना मी माझी वही दाखवीन. आज लोक विश्वासाने स्वतःचे पासवर्ड माझ्या वहीत लिहून ठेवायला सांगतात, फोन माझ्या हातात देऊन देवळात जातात. मी ते लिहून घेत नाही, पण घेणारे असतीलच. सगळा धोका आधीच माणसांच्या भरवशावर चालू आहे, फक्त कुणाच्या खात्यावर नाही एवढंच.

हे वाचणारे पुण्या-मुंबईतले असतील त्यांनी एवढं करावं: गावाकडच्या आईवडिलांच्या आधारला आणि बँकेला आपला नंबर असेल, तर पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा त्यांना त्यांच्या नावावर सिम घेऊन द्या, तो नंबर दोन्हीकडे लावा, आणि त्याचा रिचार्ज मात्र तुम्हीच मारत जा. आईला सरप्राइज म्हणून दिलेल्या साडीपेक्षा यानेच जास्त काम होईल.

परंड्याच्या तहसीलदारांना आणि टपाल खात्याला माझी विनंती आहे. येत्या ग्रामसभेच्या दिवशी सोनारीत आधारला मोबाईल जोडून देणारा एक डाकसेवक त्याच्या यंत्रासह बसवा. जागा माझ्या दुकानात आहे, टेबल-खुर्ची देते, लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे. फक्त यंत्र खिडकीपाशी ठेवू नका.